वरच्या मजल्यावरचा मोठा गाळा की रस्त्यावरचं छोटं दार?

या आठवड्याचं पत्र लांब आहे, त्यातला मुख्य भाग देते.

“ताई, आमचं वह्या-पेनं, शिवणाचं सामान आणि झेरॉक्सचं दुकान आहे. जुन्या इमारतीत, तळमजल्यावर, रस्त्याला लागून. सासऱ्यांनी सुरू केलं, गेली १७ वर्षं मी चालवते. चौकात मेट्रोचं स्टेशन होतंय. दोन वर्षांपासून दुकानासमोर पत्रे ठोकलेत, विक्री निम्म्यावर आली. त्यातच आता इमारत पुनर्विकासाला चाललीय. बिल्डर म्हणतो, तीन वर्षं थांबा, नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दीडपट गाळा देतो; नाहीतर एकरकमी पैसे घ्या आणि मोकळ्या व्हा. घरचे म्हणतात पैसे घे. शेजारचे दुकानदार मोठ्या गाळ्यावर खूश आहेत. मला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. मी ५१ वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात सह्या आहेत. काय करू?”

तुम्ही मला ताई म्हटलंत, मीही तुम्हाला ताईच म्हणते.

ताई, तुम्हाला जे सांगता येत नाहीये ते मी सांगून बघते. बिल्डरनं तुमचा गाळा मोजला, भिंतीपासून भिंतीपर्यंत. तेवढी जमीन आणि तेवढं छत धरून दोन प्रस्ताव तयार केले. पण तुमचा धंदा त्या चार भिंतींमध्ये होता कधी? घरून निघालेलं माणूस बसथांब्याकडे जाताना तुमच्या दारासमोरून जातं, त्याला आठवतं की पोरीच्या प्रकल्पाला कार्डशीट हवंय, आणि ते दोन पावलं वळतं. १७ वर्षं तुमचा गल्ला या दोन पावलांनी भरला. ती कुणाच्याच हिशेबात नाहीत. म्हणून तुम्हाला दोन्ही प्रस्ताव खटकतायत, आणि ते बरोबरच आहे.

गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची असतात. एक मुद्दाम येणारं, दुसरं वाटेवरचं. दाताच्या डॉक्टरकडे माणूस तिसऱ्या मजल्यावरही चढून जातो, कारण दुखणं त्याला घेऊन जातं. शिकवणीच्या वर्गाला, वकिलाला, चांगला हात असलेल्या शिंप्याला वरचा मजला चालून जातो. पण बटणं, रिफिल, चार पानांची झेरॉक्स यासाठी कुणी जिना चढत नाही. लिफ्ट असली, सरकता जिना असला तरी चढत नाही, कारण मुळात आपल्याला काही घ्यायचंय हे त्याला तुमचं दुकान दिसल्यावरच आठवतं. दिसलंच नाही तर आठवणार काय? तेव्हा दीडपट गाळा मिळाला म्हणून शेजारी खूश असतील तर त्यांना विचारा, तुमचं गिऱ्हाईक मुद्दाम येतं की वाटेवरचं आहे. घड्याळं दुरुस्त करणारे असतील तर कदाचित त्यांचं ठीक चालेल. तुमचं नाही चालणार, असं माझं स्पष्ट मत आहे.

जागा मोठी, नवी, चकचकीत, आणि तरीही दुकानं ओस, हे मोठ्या शहरांत झालेलं आहे. दक्षिण कोरियाच्या सोलमध्ये २००३ साली शहराच्या मधोमध असलेला उड्डाणमार्ग पाडून त्याखाली गाडलेला चॉन्गेचॉन नावाचा ओढा मोकळा करायला घेतला. दोन वर्षांत काम झालं, आणि खरोखर सुंदर झालं. पण त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हत्यारं, यंत्रांचे सुटे भाग, दिवे विकणाऱ्या हजारो छोट्या दुकानांची वस्ती होती. त्यांच्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला गार्डन फाइव्ह नावाचं प्रचंड व्यापारी संकुल बांधलं गेलं. अपेक्षेच्या मानानं फारच थोड्या व्यापाऱ्यांनी तिकडे बस्तान हलवलं, आणि गेलेल्यांतलेही बरेच टिकले नाहीत. ज्याच्याकडे नट मिळतो त्याच्या शेजारी बोल्ट मिळतो, पलीकडे लेथवाला बसतो, म्हणून गिऱ्हाईक त्या गल्लीत यायचं. इमारत हलवता आली, ती गल्ली नाही हलली.

आता मेट्रो. तिच्यावर तुमचा राग आहे, तो पत्रात ओळीओळीत दिसतो. पत्रे, धूळ, अरुंद झालेला पदपथ यांनी दोन वर्षं छळल्यावर राग येणारच. पण स्टेशन उघडल्यावर ते तुमचं सगळ्यात मोठं भांडवल होऊ शकतं, कारण मेट्रोतून उतरणारा प्रत्येक जण उतरल्याक्षणी पायी चालणारा असतो. गाडीतून जाणाऱ्याला तुमच्या दारातली पाटी वाचायलाही वेळ नसतो. चालणाऱ्याला असतो. फक्त तो कुठल्या बाजूनं चालणार, हे स्टेशनचा दरवाजा कुठं उघडतो यावर ठरतं. एकाच चौकात स्टेशनला चार-चार दरवाजे असतात आणि एका दरवाजानं एक गल्ली फळते, दुसरी सुकते. तुमच्या पत्रात बिल्डर आहे, गाळा आहे, रक्कम आहे. स्टेशनचा दरवाजा कुठं आहे ते नाही. ते आधी शोधून काढा. मेट्रोच्या कार्यालयात नकाशा मागा, कामावरच्या अभियंत्याला विचारा. आणि बसथांबा कुठं सरकणार तेही विचारा. स्टेशन आलं की थांबे हलतात, आणि त्याची खबर दुकानदाराला थांबा हलल्यावरच लागते.

संध्याकाळची बाजू लक्षात ठेवा. सकाळी माणूस धावत असतो, त्याला वेळ नसतो. खरेदी होते ती घरी परतताना. परतणारी गर्दी पदपथाच्या ज्या बाजूनं चालते त्या बाजूचं लहानसं दारही सकाळच्या बाजूच्या मोठ्या गाळ्याला भारी पडतं.

यासाठी एक काम सांगते. थोडं कंटाळवाणं आहे, पण या सगळ्या उत्तरातलं सगळ्यात महत्त्वाचं. तीन दिवस मोजणी करा. एक कामाचा दिवस, एक शनिवार, एक रविवार. वहीचं पान आखून घ्या आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला चार गोष्टी विचारा: कुठून आलात, कसे आलात, इथून कुठं जाणार, आणि मुद्दाम आलात की वाटेत होतं म्हणून. नाव विचारू नका, वेळ मात्र लिहा. तुमच्या मदतनीस बाईंनी एक बाजू धरली आणि तुम्ही दुसरी, तर गर्दीच्या वेळीही जमेल.

“मला माहितीय की माझं गिऱ्हाईक कोण” असं तुम्ही म्हणाल. सगळे दुकानदार म्हणतात, आणि सगळ्यांचा अंदाज चुकतो. बर्लिनच्या दोन बाजाररस्त्यांवर अशी पाहणी झाली होती, ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. दुकानदारांना वाटत होतं की पाचातला एक तरी गिऱ्हाईक गाडीनं येतो. प्रत्यक्षात गाडीनं येणारे जेमतेम ७ टक्के निघाले. आपली गिऱ्हाइकं लांबून येतात असाही त्यांचा समज होता. निम्म्याहून जास्त लोक एक किलोमीटरच्या आत राहणारे होते. जे दुकानदार स्वतः गाडीनं यायचे त्यांना गिऱ्हाइकंही गाडीनंच येतात असं वाटायचं. माणूस आपल्यावरून जग ओळखतो. तुमच्याकडेही पार्किंगच्या नावानं खूप बोललं जाणार आहे, नव्या इमारतीत दोन मजले पार्किंग आहे म्हणून धंदा वाढेल असं सांगितलं जाणार आहे. त्या वेळी तुमच्याकडे तीन दिवसांचं मोजलेलं पान असेल. बैठकीत बाकी सगळ्यांकडे अंदाजच असतील.

मोजणी झाल्यावर बिल्डरकडे मागायचं काय? दीडपट गाळा नको म्हणा. आताच्या गाळ्याच्या पाऊणपट द्या, अगदी निम्मा द्या, पण तळमजल्यावर, रस्त्याकडे तोंड करून. तुमच्या मालाला खोली फार लागत नाही, दर्शनी रुंदी लागते. माल वर मांडता येतो, मागं किंवा माळ्यावर ठेवता येतो. गिऱ्हाइकाला दिसणारी रुंदी मात्र कशानंच भरून निघत नाही. बिल्डरला तळमजला सोडायला जड जाणार, कारण तिथलेच गाळे सगळ्यात महाग विकले जातात. म्हणूनच तो तुम्हाला वर पाठवतोय, त्यात गूढ काही नाही. पण क्षेत्रफळ सोडून देणारा दुकानदार त्याला रोज भेटत नसतो. कमी जागा मागणाऱ्या माणसाशी बोलणी होऊ शकतात.

नकाशा मागा. प्रस्तावासोबत दिलेलं रंगीत चित्र बाजूला ठेवा, त्यात नेहमीच झाडं असतात आणि पदपथ रुंद असतो. मंजुरीला दिलेला तळमजल्याचा नकाशा मागा आणि त्यावर गाड्या आत जाण्याचा उतार कुठं आहे ते आधी पाहा. रस्त्याकडच्या बाजूचा मोठा तुकडा तो उतार खातो, आणि गाड्या आत-बाहेर करतात तिथं पायी माणूस थांबत नाही. मग ट्रान्सफॉर्मर, मीटरची खोली, आगीच्या बंदोबस्ताची यंत्रणा, कचऱ्याची जागा. तुमच्या दारासमोर खांब येतो का? जोत्याची उंची किती, किती पायऱ्या चढाव्या लागतील? मुलांच्या गाड्या ढकलत येणाऱ्या आया आणि गुडघे धरून येणाऱ्या आजी तीन पायऱ्या पाहून पुढं जातात. पाटी कुठं लावता येईल, सगळ्या पाट्या एकसारख्या कराव्या लागतील का, शटर तुमच्या वेळेनं उघडता येईल की इमारतीच्या वेळेनं, आणि देखभालीचा खर्च दरमहा किती, हेही लेखी घ्या. शेवटचं फार महत्त्वाचं. वातानुकूलित सज्जा, सुरक्षारक्षक, संगमरवराची पुसापुशी यांचं बिल छोट्या दुकानाला हळूहळू गिळतं. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या जेन जेकब्स या लेखिकेनं १९६१ मध्येच हे मांडलं होतं: नवं बांधकाम महाग असतं, त्याचा भार पेलणारे धंदेच त्यात टिकतात, म्हणून लहान धंद्यांना आणि नव्या कल्पनांना जुन्या इमारती लागतात. तुमची जुनी इमारत पडणारच आहे, ती पडू नये असं मी म्हणत नाही, गळणाऱ्या छताखाली कुणी राहू नये. पण जुन्या इमारतीनं तुम्हाला कमी खर्चाची जी सावली दिली ती नव्या इमारतीत आपोआप मिळणार नाही. ती करारातच मागावी लागेल, निदान पहिली काही वर्षं देखभालखर्चाला मर्यादा घालून.

आता मधली तीन वर्षं. सगळे पहिल्या आणि शेवटच्या दिवसाबद्दल बोलतात, आणि दुकानं मरतात ती मधल्या काळात. गिऱ्हाइकाची सवय मोडायला तीन वर्षं पुष्कळ झाली. बार्सिलोनात सान्त अँटोनी नावाची जुनी मंडई आहे. तिच्या नूतनीकरणाला २००९ मध्ये सुरुवात झाली आणि ती पुन्हा उघडली २०१८ मध्ये. खोदताना प्राचीन रस्ता आणि तटबंदीचे अवशेष सापडले, काम लांबतच गेलं. तरीही विक्रेते विखुरले नाहीत, कारण त्यांची तात्पुरती मंडई अगदी लगतच्या रस्त्यावर उभी केली होती. गिऱ्हाइकाला नवी वाट शिकावी लागली नाही. तुम्हालाही तात्पुरती जागा त्याच रस्त्यावर, त्याच बाजूला मागायचीय. दोन चौक पलीकडची ऐसपैस जागा देऊ केली तर नाही म्हणा. भाडं बिल्डरनं द्यायचं, दोन्ही वेळच्या हलवाहलवीचा खर्चही. तीन वर्षांची चार झाली तर पुढं काय, ते आत्ताच कागदावर हवं. दर महिन्याला किती, कोण देणार, आणि बिल्डरनं मधेच काम सोडलं तर ती हमी कुठल्या बँकेची. “लवकरच”, “साधारण”, “शक्यतो” हे तीन शब्द करारात दिसले की वकिलाकडून खोडून घ्या.

मेट्रोच्या कामानं झालेल्या नुकसानीचं वेगळं पाहा. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात २०१४ साली एका मोठ्या बाजाररस्त्यावरून नवी रेल्वे सुरू झाली. तिचं काम चालू असताना छोट्या दुकानांना २० हजार डॉलरपर्यंतचं कर्ज मिळत होतं, आणि धंदा तिथंच चालू ठेवला तर ते टप्प्याटप्प्यानं माफ होत होतं. ते कुणी आपणहून देऊ केलं नव्हतं, लोकांनी मागून मागून मिळवलं. तुमच्या शहरात अशी योजना आहे का ते विचारा, लेखी विचारा, आणि नसेल तर काम सुरू होण्याआधीची दोन वर्षं आणि सुरू झाल्यानंतरची दोन वर्षं यांच्या विक्रीचा तक्ता जोडून अर्ज करा. पैसे नाही मिळाले तरी पत्र्यांमधून दुकानापर्यंत नीट वाट, त्यावर दिवा आणि “दुकानं उघडी आहेत” अशी पाटी एवढं तरी मिळायलाच हवं. आजच्या आज मागता येईल असं ते आहे.

त्याच सेंट पॉलच्या रेल्वेची आणखी एक गोष्ट. मूळ आराखड्यात गरीब वस्तीच्या भागात स्टेशनं फार लांब लांब ठेवली होती. गाड्या दारासमोरून जाणार आणि थांबणार मात्र दुसरीकडे. रहिवासी आणि छोटे व्यावसायिक एकत्र आले, काही वर्षं मागं लागले, आणि आराखड्यात तीन स्टेशनं वाढवून घेतली. लंडनमध्ये सेव्हन सिस्टर्स स्टेशनच्या डोक्यावरच्या एका जुन्या बंदिस्त बाजारातले बरेच विक्रेते लॅटिन अमेरिकेतून आलेले होते. ती जागा पाडून नवं संकुल बांधायचं ठरलं होतं. विक्रेते आणि शेजारी वर्षानुवर्षं लढले आणि २०२१ मध्ये विकासकानं माघार घेतली. तुम्ही पुनर्विकास अडवावा म्हणून हे सांगत नाही. ते लोक एकेकटे बोलणी करायला गेले नाहीत, म्हणून सांगते. तुमच्या इमारतीत दुकानदार किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाही. सहा असोत की दहा, सह्यांच्या आधी एकदा एकत्र बसा. मोठ्या गाळ्यावर खूश असलेल्यांनाही बोलवा. ज्यांना वरचा मजला चालतो ते वर गेले तर खालची जागा तुमच्यासारख्यांना सुटते. भांडण व्हायचं कारणच नाही, उलट तुमचं दोघांचंही काम त्यात होतं.

एक गोष्ट तुम्ही पत्रात एका ओळीत सांगून पुढं गेलात. “सासऱ्यांनी सुरू केलं.” भाडेपावती कुणाच्या नावावर आहे? दुकानाचा परवाना? वीजबिल? बँकेतलं दुकानाचं खातं? माझा अंदाज असा की १७ वर्षं शटर तुम्ही उघडताय आणि कागदावर तुमचं नाव कुठंच नाही. असं असेल तर ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी हे करा. “पैसे घे” म्हणणारे घरचे वाईट नाहीत, त्यांना तुमची दगदग दिसते. पण करार झाला की गाळा असो वा रक्कम, ती जाते कागदावरच्या नावाकडे. घरात बोलायला अवघड वाटेल. तरी सह्यांच्या आधीच बोलावं लागेल, नंतर बोलायला काही उरत नाही. सगळे कागद घेऊन स्वतःच्या वकिलाकडे जा. बिल्डरनं सुचवलेला वकील नको.

तुमच्या दारात पदपथावर किल्ल्या बनवणारे काका बसतात, असं तुम्ही सहज लिहिलंय. त्यांना या करारात कुठंच जागा नाही, कुणी त्यांना विचारणारही नाही. पण किल्ली होईपर्यंत थांबलेली माणसं तुमच्याकडे पेन घ्यायला वळतात, हे मोजणीत तुम्हाला दिसेल. त्यांना तात्पुरत्या जागेच्या दारात आणि मग नव्या दारात बसता यावं, एवढं तुमच्या मागण्यांत घाला. तुम्ही नाही मागितलं तर कोणीच मागणार नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर माझा कौल. तळमजल्यावर, संध्याकाळच्या बाजूला, लहानसा का होईना, रस्त्यावर उघडणारा गाळा नकाशासकट लेखी मिळाला तर थांबा. ५१ हे दुकान सोडायचं वय नाही, आणि स्टेशन उघडल्यानंतरची दहा वर्षं या रस्त्याची चांगली वर्षं असतील. वरचाच मजला मिळणार असं पक्कं झालं तर दीडपटीच्या मोहात पडू नका. पैसे घ्या, तुमच्या नावावर घ्या, आणि त्याच गिऱ्हाइकांच्या वाटेवर भाड्यानं छोटी जागा शोधा, तीही पत्रे निघण्याच्या आत. पत्रे निघाले की भाडी चढतात.

सह्यांना अजून महिना आहे. या शनिवारी मोजणी सुरू करा. तीन दिवसांची पानं आणि तळमजल्याचा नकाशा मला पाठवा. दार नेमकं कुठं मागायचं, ते आपण दोघी मिळून त्यावर खूण करू.